म्हशीचं इंजेक्शन

प्रिय शेखर,

तुले पोट्टी झाली हे तुले फोनवर कळलंच हाये, पण फोनवर कळते तरी काय? "मुलगी झाली, दोघी बऱ्या हायेत," इतकं म्हणून तुह्या बापानं फोन ठेवून देला. म्हणून मी लिवाले बसली. तुही पोट्टी कशी हाये ते आयक. रंगानं गव्हाळ. नाक बसकं, आपल्या घरचंच, ते काही चुकलं नाही. डोक्यावर जावळ इतकं दाट का जशी मेथीची जुडी उलटी ठेवली. मी तिच्या कानापाशी तोंड नेऊन सांगतलं, पोरी, मी तुह्या बापाची आजी, म्हणजे तुही पणजी हावो. तं तिनं माह्या तोंडावर जांभई देली. मी इतकी हासली का पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण दचकून उठली. तुही माय पार्बता म्हणे, पणतू झाला असता तं आत्याबाईवर, म्हणजे माह्यावर, सोन्याची फुलं उधळली असती. म्हटलं, तुही सोन्याची फुलं तुह्यापाशीच राहू दे. मी वाडीतून झेंडू तोडून आणला, ओंजळ भरून पोट्टीवरून ओवाळला अन् माह्याच डोक्यावर उधळून घेतला. माह्या केसात अजून पाकळ्या सापडून राहिल्या. माही चौथीपर्यंतची शाळा तुले ठावं हाये, तवा अक्षराले हासू नको. काना-मात्रा चुकली तं तुहा तू लावून घेजो.

आता तू म्हणशील, आजी, घरात फोन असताना पत्र काहून? तं फोनपाशी नेहमी कोणीतरी बसेल असते, अन् मले जे सांगायचं हाये ते बसेल माणसापुढं सांगता येत नाही. परवा तू तुह्या बापाशी बोलत होता. फोन त्याच्या कानाले होता, पण तुहा आवाज माह्यापर्यंत आला, बहिऱ्यालेही आला असता. तू म्हणालास, "बारशाले येतो तं चार दोस्त घेऊन येतो, त्या नर्सबाईले दाखवतोच." तिनं तुह्या मैनेले म्हशीचं इंजेक्शन टोचलं अन् त्यानं मैना मरता मरता वाचली, असं तुले सांगतलं गेलं हाये. तुले हे सांगत असताना मी सांगणाऱ्याचं तोंड पाहून राहिली होती. मले अशी किळस आली का मी उठून मोरीत गेली अन् चूळ भरली. दोस्त आणायचे का नाही ते तू मंग ठरवजो. आधी हे शेवटपर्यंत वाच. मधातच चुरगाळून फेकू नको, मले लिवाले लय दुपारा लागल्या.

तू चाकणले कामाले गेल्यावर इकडं घरात काय झालं ते तुले कोणी धड सांगतलं नसेल. कपाशीनं लागोपाठ दगा देला तवा गावातल्या हरेकानं काही ना काही धरलं. कोणी पानटपरी टाकली, कोणी परतवाड्याले हमालीले जाऊ लागला. कोणी काहीच धरलं नाही, त्यायची घरं तुले ठावं हायेत, त्यायची नावं मी लिवत नाही. सरकारच्या पॅकेजातून दुभती जनावरं भेटून राहिली होती, तं तुह्या बापानं म्हशी आणल्या. चंद्रभान माह्या पोटचा हाये, पण त्यानं जन्मात कासेले हात लावला नव्हता. दूध काढायचं म्हणजे काय ते त्याले मीच शिकवलं. पयले बरं चाललं. दूध गाडीवर अमरावतीले जाये, राजापेठेत, तिथं त्या शिकवणीच्या पोट्ट्यायच्या चहाच्या कँटीनी हायेत ना, तिथं. मले वाटलं, चला, पोरगा उभा राहिला. वाडी अन् भाजीपाला माह्याकडं होताच. मी वांगे, मेथी, झेंडू घेऊन बाजारात बसत होती अन् म्हशीच्या गोठ्याकडं जास्त पाहत नव्हती.

मंग मोठ्या म्हशीले हल्या झाला, म्हणजे नर. आता हे तुले सांगायले नको का म्हैस वासराले चाटते, वासरू कासेले ढुशी देते, तवा तिले पान्हा सुटते. हे देवानं करून ठेवलं हाये, यात कोणाची हुशारी नाही. पण तुह्या बापाचं म्हणणं, वासरू पेते ते दूध राजापेठेत जात नाही. अन् हल्या काय कामाचा? त्यानं त्याले लांब खुंट्याले बांधलं अन् कोरडं कुटार पुढं टाकलं. दूधपितं वासरू, त्याले कुटार! मी चोरून भाकरीचा कालवा नेऊन देत होती. ते चाटे अन् माह्या पदराले तोंड घासे. एक दिवस बाजारातून आली तं खुंटा रिकामा. नाल्यात फेकून देलं होतं, नीट पुरलंही नाही, कुत्रे लागले होते. म्हैस राती हंबरे तं तुही माय म्हणे, हिले झोप नाही अन् आमालेही झोपू देत नाही.

वासरू गेलं अन् म्हशीनं दूध चढवून घेतलं. घेईलच ना. तवा तुहा बाप परतवाड्याच्या एका दुकानातून, जिथं फवारणीचं औषध भेटते, तिथल्या मागच्या खोलीतून एक बाटली घेऊन आला. प्लास्टिकची, वर चिठ्ठी ना काही. आपल्या भागात त्या दुकानातून बाटली आली का आता घरात कोण पेते याचंच भेव वाटते. मी धावत जाऊन इचारलं, हे काय हाये? तं म्हणे, माय, पान्ह्याचं औषध हाये, तू जाय. सकाळ-संध्याकाळ म्हशीच्या मानेत सुई. सुई एकच, ना उकळलेली ना पुसलेली, पँटीले घासायची अन् खुपसायची. टोचलं का म्हशीच्या पाठीवर काटा येये, मागचे पाय थरथर कापत, अन् बादली खाली लावायच्या आधीच दूध आपोआप जमिनीवर गळे. जसं काही जनावर नाही, फुटकं मडकं हाये. तवापासून मी आपल्या घरचं दूध तोंडाले लावलं नाही, काळा चहा पेते. तुही माय लोकायले सांगते, आत्याबाईले डॉक्टरनं दूध बंद केलं. डॉक्टरनं नाही केलं, माह्या जिभेनं केलं. चंद्रभानले बोलली तं म्हणे, "माय, समदेच देतात, आपण एकटे देव होऊन काय करतो?" एकदा पेपरात आलं का कुठंतरी धाड पडली अन् अशा बाटल्या पकडल्या. त्यात औषधाचं नाव छापून आलं होतं, ऑक्सिटोसिन. त्यानं ते नाव मोठ्यानं वाचलं, तसाच उठून गोठ्यात गेला अन् कोनाड्यातली बाटली काढून कुटाराखाली दडवली. ते नाव त्याच्या डोक्यात कोरून बसलं, हे ध्यानात ठेव.

आता मैनेचं सांगते. तिले माय नाही, म्हणून पयलं बाळंतपण माहेरी न होता आपल्याकडं ठरलं. मले तं आनंदच झाला. मी तिले वाडीतल्या भाज्या, मूग, डिंकाचे लाडू खाऊ घातले. तुही माय तिले त्याच म्हशीचं दूध पेल्याभर देये अन् तिची पाठ फिरली का तो पेला मैना तुळशीत ओते. हे आमचं दोघीचं गुपित. तुळशीनंही मनावर घेतलं नाही, बरी वाढली हाये. कळा सुरू झाल्या तसं आमी जीप करून अचलपूरले कहकशाँ डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात नेलं. तिथं ती नर्स, उज्मा. अरे, तू तिले पाह्यलं असशील! परतवाड्याच्या बाजारात माह्या भाजीच्या पालाशेजारी खातूनबी बांगड्या घेऊन बसते ना, तिची पोरगी. आता खरं सांगू का, पयल्या घटकेले मले तिचा रागच आला. जीभ अशी तिखट का भिवापुरी मिरची. मी आत जाऊन मैनेच्या उशापाशी लिंबू ठेवून राहिली होती, तं म्हणे, "अम्मा, ये बाजार नहीं है, दुकान बाहर लगाओ." म्हटलं, काय पोट्टी हाये! मायच्या वयाची तरी लाज ठेव. पण मैना कळ आल्यावर तिचाच हात धरे, माहा नाही, हेही मी पाह्यलं.

पोट्टी झाली. रडली. मले आत बोलावून माह्या हातात देली अन् मी जगाले इसरली. तुह्या बापानं दारातून डोकावून "काय झालं?" इचारलं, मुलगी आयकल्यावर "बरं" म्हणाला अन् तंबाखूचा खर्रा खाले खाली गेला. पार्बता आतच होती, पण मैनेच्या खाटेपासून चार हात दूर, नाकाले पदर लावून. कारण काय तं विटाळ! सोताच्या सुनेच्या रक्ताचा विटाळ. मैनेच्या अंगावरून जाऊन राहिलं होतं अन् ही मले म्हणते, "घाण रक्त हाये आत्याबाई, जाऊ द्या. जितकं जाईल तितकी पिशवी साफ होते." मले पोट्टीच्या नादात पयले कळलं नाही. मंग मैना बारीक आवाजात म्हणाली, "आजी, मले थंडी वाजून राहिली." भर दुपार, उन्हाळा, अन् थंडी! मी पोट्टी पार्बताजवळ देली अन् चादर उचलली. शेखर, खालची गादी पिळावी अशी भिजली होती अन् रक्त खाटेखाली टपटप पडत होतं. मैनेचे ओठ चुन्यासारखे. याले घाण जाणं म्हणतात? घाण तं चार हातावर पदर लावून उभी होती.

मी ओरडली. उज्मा आली, तिनं एका नजरेत पाह्यलं, मैनेच्या पोटावर हात ठेवला अन् जोर लावून दाबू लागली, चोळू लागली. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत दुसऱ्या बाईपाशी होत्या, त्या हातमोजे चढवतच धावत आल्या. पिशवी ढिली पडली, म्हणाल्या, आवळून नाही राहिली. पोट दाबायचं काम त्यायनं घेतलं अन् उज्मा इंजेक्शन आणाले बाहेरच्या खोलीत पळाली, तिथं ते थंड पेटीत ठेवतात. आणलं, सुई भरली, ट्रे घेऊन परत फिरली, तं दारात तुहा बाप खर्रा खाऊन आलेला. त्यानं इचारलं, हे कायचं इंजेक्शन हाये? ती बिचारी पळता पळता म्हणाली, "ऑक्सिटोसिन, काका, बाजू व्हा."

बस. ते नाव आयकलं अन् त्यानं दोन्ही हात दाराच्या चौकटीले लावले. "म्हशीचं इंजेक्शन! माह्या सुनेले म्हशीचं इंजेक्शन देऊन राहिले!" असा बोंबलला का समदा दवाखाना गोळा झाला. ती सांगते, काका, हे बाईचंच हाये, रक्त थांबवाचं हाये, ती मरून जाईल. हा म्हणते, "मले नको शिकवू! मी रोज दोन्ही वक्ताले म्हशीले टोचतो, मले ठावं नाही का?" आयकलं का तू? जी गोष्ट त्यानं कुटाराखाली दडवली होती ती तोंडानं समद्या अचलपूरसमोर ओकून मोकळा झाला, अन् त्याले त्याचं भानही नाही. तिकडून कोणी म्हणे सोडू नका. कोणी म्हणे, त्यायचे लोक असेच. कोणाले काही ठावं नाही अन् हरेकाले बोलायचं होतं. तिनं खांदा लावून घुसाले पाह्यलं तं यानं ट्रेले हात मारला. सुई खाली, काचेची कुपी खाली, अन् त्यावर याचीच चप्पल. ज्या हातानं जनावराले सुई खुपसताना कधी थांबला नाही, त्या हाताले माणसाची सुई पाहून विटाळ झाला! मले मैनेच्या रक्ताची किळस आली नाही, माह्या हाताले कोपरापर्यंत लागलं होतं. मले त्या दारातल्या माणसाची आली, अन् तो माणूस माह्या अंगावर दूध पेऊन मोठा झाला होता.

मंग मी काय केलं ते तुहा बाप तुले कधीच सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. मी तशीच रक्ताच्या हातानं बाहेर गेली अन् त्याचा कान धरला. हो, कान. मिशीवाल्या, नात झालेल्या बाप्याचा कान. असा पिळला का तो वाकला, अन् वाकवतच त्याले पाणपोईपर्यंत ओढत नेलं. लोक हासले. मी म्हटलं, हासाले काय झालं, ज्याले हासू येते त्याचाही कान मोकळाच हाये. गर्दी पांगली. तवर उज्मानं दुसरी सुई भरून आणली होती. मांडीत टोचली, सलाईनमधीही टाकलं, अन् मंग आणखी एक वेगळं इंजेक्शन शिरेत हळूहळू देलं. पोट दाबणं चालूच होतं. मैनेचा बाप श्रावण अमरावतीवरून रक्ताची पिशवी घेऊन आला, फुलाचं दुकान तसंच उघडं टाकून. दिवस कलला तवा कुठं रक्त आटलं. डॉक्टरीणबाई भिंतीले टेकून खालीच बसल्या. उज्मानं पोट्टीले उचललं, मैनेच्या छातीशी लावलं अन् मले म्हणाली, "अम्मा, अब लगाओ अपनी दुकान." मी तिले तिथंच पोटाशी धरलं. ती म्हणे, छोडो अम्मा, मेरा ड्रेस पहले ही खराब है.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईले सरळ इचारलं, हे औषध बाईचं का म्हशीचं? त्या हासल्या नाहीत, बसवून सांगतलं. म्हणाल्या, आजी, हे कोणाच्या दुकानाचं नाही, हे बाईच्या सोताच्याच अंगात तयार होते. लेकरू तोंड लावते तवा सुटते. त्यानं पान्हाही फुटते अन् पिशवीही मुठीसारखी आवळते, म्हणजे रक्ताच्या नळ्या दाबल्या जाऊन रक्त थांबते. कोणाची पिशवी थकते, आवळत नाही, तवा बाहेरून द्या लागते. म्हणून बाळंतीण झाल्याबरोबरच देतात, मैनेले तेही देलं होतं, तिले जास्त लागलं. म्हशीतही तसंच असते, ती अडली तं जनावराचा डॉक्टर देते, पण रोज दोन वक्त दूध ओढाले देणं हे औषध नाही, अत्याचार हाये. अन् दुसरं जे शिरेत देलं, ते म्हणे गोठलेलं रक्त उसवू देत नाही. ते निसतं बाळंतिणीलेच नाही. गाडीवरून पडून मार लागला, मोठं ऑपरेशन असलं, दाढ काढल्यावर रक्त थांबत नसलं, एखाद्या पोरीची पाळी अशी जात असली का तिले उभं राहता येत नाही, तवाही डॉक्टर पाहून देतात. मी इचारलं, नाकातून घोळणा फुटला तं? म्हणाल्या, लय जास्त फुटला तं तेव्हाही. मले इतकं नवल वाटलं! आपल्या गावात रक्त गेलं का एक तं बिब्बा नाही तं अंगारा, अन् बाईचं गेलं तं "घाण हाये, जाऊ द्या". अशा किती बाया गेल्या असतील जाऊ द्या म्हणता म्हणता.

आता पुढचं आयक. घरी आल्यावर तुहा बाप दोन दिवस गोठ्यातच बसला. मी समजली, लाजला. तिसऱ्या दिवशी पानटपरीवर गोष्ट फिरू लागली, अन् ती उलटी होती. नर्सनं म्हशीचं इंजेक्शन देलं म्हणूनच मैनेचं रक्त गेलं. चंद्रभाननं अडवलं म्हणून वाचली. पार्बता म्हणे, मी तिथंच होती, मी डोळ्यानं पाह्यलं. कशानं पाह्यलं, पदर तं नाकावर होता! मंग चार रिकामे पोट्टे येऊन बसू लागले, ते तिचं नाव घेत नाहीत, तिची जमात काढतात. आजवर ज्यायच्या घरच्या लग्नात खातूनबीनं चुडा भरला, त्यायच्याच तोंडून हे निघून राहिलं. दवाखान्यावर दगड येतील या भेवानं डॉक्टरीणबाईनं उज्माले काही दिवस घरी राहाले सांगतलं. आता तिकडं म्हणतात, पाहा, काढून टाकलं, म्हणजे चूक असेलच. खातूनबी बाजारात येते. माह्याकडून मेथी घेते, पैसे ठेवते, पण डोळ्याले डोळा देत नाही. इतक्या वर्षाची शेजारीण, ऊन फिरलं का माह्यावर चादर ताणणारी, ती अन् मी आता अनोळखी बायायवाणी बसतो.

तुह्या बापाले मी ओळखते तसं कोणी ओळखत नाही. तो खुनी नाही. तो भ्यायला हाये. नर्सची चूक नसली तं मंग चूक कोणाची, हे त्याले राती झोपू देत नसेल, म्हणून तो दिवसभर तेच तेच सांगते, सांगून सांगून त्याले सोतालेही खरं वाटाले लागलं. मले त्याची कीव येते. पण किळस त्याहून जास्त येते, अन् माह्या पोटचा हाये म्हणून ती कमी होत नाही. मैना कोपऱ्यात निजून हे समदं आयकते. सासऱ्यापुढं ती बोलत नाही. पण न्हाऊ घालताना माह्यापाशी बोलली. म्हणे, "आजी, मले समदं काळं दिसून राहिलं होतं. ती बाई पोटावर दाबत होती अन् मले शिव्या देत होती, सोना मत, मर जाएगी, आँख खोल, असं. मी त्या शिव्या धरून राहिली." मंग म्हणे, "त्या बाईले कोणी सांगतलं का, का मी बरी हावो?" मी पाठ चोळत राहिली.

आता पत्र काहून लिवलं ते सांगते. तुह्या बापानं अचलपुरात कचेरीपुढच्या टाइपवाल्याकडून नर्सच्या नावानं तक्रारीचा अर्ज करून आणला हाये. त्यावर सही नवऱ्याची लागते, म्हणजे तुही. बारशाच्या जेवणावर पानसुपारी फिरेल, सोयरे बसेल असतील, तवा तो तुह्यापुढं ठेवणार हाये, म्हणजे तुले चार लोकात नाही म्हणता येऊ नये. तू सही केली तं त्या पोरीले या तालुक्यात कोणी दवाखान्यात उभं करणार नाही, अन् पुढच्या मैनेच्या पोटावर हात ठेवाले कोणी नसेल. तवा माहं आयक. आपल्यात बारशाले पाळण्यापुढं सुईणीची ओटी भरतात, तिले लुगडं देतात, मंगच लेकराचं नाव कानात सांगतात. मी उज्मासाठी लुगडं आणलं हाये, मोरपंखी. तुह्या बापानं सांगतलं, ती उंबऱ्याच्या आत आली तं मी घरात राहणार नाही. म्हटलं, तुही खुशी, गोठा मोकळा हाये. तू एसटीतून परतवाड्याले उतरजो अन् घराकडं येऊ नको. मी स्टँडवर भाजीची टोपली घेऊन बसेल असीन. तिथून आपण दोघं खातूनबीच्या घरी जाऊ, तू उज्माले सांगजो का मैना बरी हाये, अन् बारशाचं आवतन तुह्या तोंडानं देजो. मंग डॉक्टरीणबाईकडं जाऊन, नवऱ्याची काही तक्रार नाही, हे तुह्या हातानं लिवून देजो. त्यानंतर घरी ये, तुह्या पोट्टीले पाहा, अन् बापाले काय म्हणायचं ते म्हण. दोस्त आणायचेच असले तं आण, पाळणा बांधाले माणसं लागतातच. अन् तू नाही उतरलास तरी मी जाणार हावो, ते पक्कं हाये. पण मी एकटी गेली तं ते म्हणतील, म्हातारी आली होती, चांगली बाई हाये. त्या पोरीले चांगल्या म्हातारीचं काय काम? तिच्या दारात मैनेचा नवरा उभा राहाले पाहिजे.

तुही वाट स्टँडवर पाहणारी,
तुहीच आजी
तानुबाई